व्हॉल्व्हची निगा आणि अदलाबदल : प्रस्तावना

मालकाने स्वतःच्या हाताने एखादा अवयव उपसून काढावा, त्याच्या जागी दुसरा बसवावा आणि उपकरणाने त्यानंतरही आपले काम पूर्ववत, क्वचित अधिक गोडीने, करीत राहावे, ही मुभा आजच्या विद्युत्‌-उपकरणांत जवळजवळ लुप्त झाली असून, ज्या थोड्या वस्तूंत ती अद्याप शाबूत आहे त्यांत व्हॉल्व्हवर चालणाऱ्या हेडफोन-अ‍ॅम्प्लिफायरची गणना करावी लागेल. व्हॉल्व्ह सॉकेटात बसविलेला असतो. त्याला तारांशी डाग देऊन कायमचे जखडलेले नसते. तो तसा बसविण्यामागे जुन्या अभियंत्यांच्या मनात श्रोत्याच्या हौसेचा विचार नव्हता. व्हॉल्व्ह झिजतो, ठराविक तासांनंतर त्याची शक्ती मंदावते आणि केव्हा ना केव्हा तो बदलावा लागणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून त्यांनी त्याच्यासाठी नऊ किंवा आठ छिद्रांचे आसन सिद्ध करून ठेवले. अदलाबदलीचा हक्क अशा रीतीने झिजेतून जन्मास आला, आणि आवडीनिवडीचा भाग त्यास मागाहून येऊन चिकटला. ही पुस्तिका लिहिताना माझी भूमिका एवढीच आहे की, व्हॉल्व्ह बदलणाऱ्याने प्रथम त्या व्हॉल्व्हचा छापील तपशील वाचावा, मग हात लावावा, आणि कानाची साक्ष सर्वांत शेवटी काढावी. हा क्रम उलटा केल्यामुळे बिघडलेली उपकरणे माझ्या पाहण्यात फार आली आहेत.

हेडफोन आणि व्हॉल्व्ह यांचा संबंध आधुनिक फॅशनमधून निर्माण झाला अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः हा संबंध लाउडस्पीकरच्या प्रसाराच्याही पूर्वीचा आहे. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन अग्रांची निर्वात नलिका, म्हणजेच व्हॉल्व्ह, सिद्ध केली. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरे अग्र, म्हणजे ग्रिड, घातले, आणि त्यामुळे दुर्बल विद्युत्‌-लहरीस बलवत्तर करण्याची किल्ली मनुष्याच्या हाती आली. १९१० साली नॅथॅनिएल बाल्डविन यांनी तयार केलेले हेडफोन अमेरिकेच्या नौदलाने स्वीकारले, आणि पुढे कित्येक वर्षे बिनतारी संदेश ऐकणारा मनुष्य म्हणजे कानांवर दोन जड चकत्या बांधून एका व्हॉल्व्हच्या मंद उजेडापाशी बसलेला मनुष्य, असेच चित्र सर्वत्र दिसे. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले तेव्हाही हेडफोनवर ऐकणे ही अपवादाची गोष्ट नव्हती. खोलीभर आवाज पसरविण्याइतकी शक्ती निर्माण करण्यास अनेक व्हॉल्व्ह आणि मोठा खर्च लागे. एका माणसाच्या कानापुरती शक्ती एखादा व्हॉल्व्हही देऊ शके. आज त्याच न्यायाने व्हॉल्व्हने हेडफोनच्या द्वारे श्रोत्याच्या टेबलावर पुनःप्रवेश केला आहे.

आमच्या शहरापुरते बोलावयाचे तर हा विषय येथे परका नाही. आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद, निझामी अमलात असताना येथे संस्थानी नभोवाणीचे केंद्र होते. हैदराबादची नभोवाणी १९३५ पासून संस्थानी सरकारच्या अखत्यारीत चालत असे; पोलीस कारवाईनंतर संस्थानाचे विलीनीकरण झाले, आणि यथावकाश, १९५० साली, हैदराबाद व औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीच्या ताब्यात आली. बडोदे, म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि औरंगाबाद या पाच संस्थानी केंद्रांच्या यादीत आपल्या गावाचे नाव आहे, ही गोष्ट येथील पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. प्रक्षेपण करणारी यंत्रे व्हॉल्व्हची, ते ग्रहण करणारे घरोघरचे संचही व्हॉल्व्हचे. संच बाळगावयाचा तर पोस्टाच्या कचेरीत वार्षिक फी भरून परवाना काढावा लागे, आणि तो परवाना घराच्या दस्तऐवजांबरोबर कपाटात जपून ठेवला जाई. गुलमंडीपासून शहागंजापर्यंतच्या जुन्या बाजारपेठेत रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर त्या काळी बसत. त्यांतील पुष्कळांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले; इंग्रजी पुस्तके त्यांच्या वाचनात क्वचितच आलेली; तथापि ईसीएच ८१ कोठे बसतो, ईबीएफ ८९ चे काम कोणते, ईएल ८४ तापला म्हणजे कोणत्या संधारकावर संशय घ्यावयाचा, हे ज्ञान त्यांच्या बोटांत मुरलेले होते.

ह्या कारागिरांच्या विद्येत एक गोष्ट अशी होती की, ती आजच्या हेडफोन-शौकिनाने जशीच्या तशी उचलावी. बिघडलेल्या संचात ते प्रथम व्हॉल्व्ह बदलत नसत. स्वस्त संचांत यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूएल ८४, यूवाय ८५ अशा ‘यू’ वर्गाच्या व्हॉल्व्हचे हीटर एकापाठोपाठ एक असे एकाच साखळीत जोडलेले असत, आणि लग्नमांडवातील दिव्यांच्या माळेप्रमाणे त्यांतील एक विझला की सारेच विझत. अशा वेळी नवशिका हाताला येईल तो व्हॉल्व्ह बदलू लागे. जाणता कारागीर मात्र मीटर लावून कोणता हीटर तुटला आहे हे प्रथम निश्चित करी, सॉकेटच्या पिनांवरील दाब मोजी, आणि मगच मौल्यवान नवा व्हॉल्व्ह खोक्यातून बाहेर काढी. व्हॉल्व्ह महाग होता व सुलभही नव्हता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा हैदराबादच्या कोठी बाजारातून तो आणवावा लागे. १९५४ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह तयार करण्यास आरंभ केला, तेव्हा कोठे देशी मालाची आवक सुरू झाली. त्या कारखान्याचे शिक्के असलेले व्हॉल्व्ह मराठवाड्यातील जुन्या दुकानांच्या फळ्यांवर, बंद पडलेल्या तंबू सिनेमांच्या ध्वनियंत्रांत आणि कीर्तनाच्या लाउडस्पीकर संचांत आजही निघतात, आणि त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न ह्या पुस्तिकेच्या कक्षेत येतो.

निर्वात नलिकेशी ह्या जिल्ह्याचा संबंध रेडिओबरोबर संपला असेही नाही. पैठण रस्त्यावर चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि रंगीत दूरचित्रवाणी संचांची निर्मिती तेथे वर्षानुवर्षे होत राहिली. त्या प्रत्येक संचातील चित्रनलिका ही तत्त्वतः व्हॉल्व्हचीच मोठी बहीण होती. तापलेला कॅथोड, त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन, हवा काढून घेतलेली काचेची पोकळी आणि उरलासुरला वायू शोषून घेणारा गेटर, ही सारी रचना तिच्यातही असे. ज्यांनी त्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालविली त्यांना पुढील प्रकरणांतील शास्त्रीय भाग नवा वाटणार नाही.

इतरांसाठी तो भाग येथे संक्षेपाने सांगणे प्राप्त आहे, कारण निगेचा प्रत्येक नियम त्यातूनच निघतो. व्हॉल्व्हच्या मध्यभागी निकेलची एक बारीक नळी असते. तिच्यावर बेरियम आणि स्ट्राँशियम या धातूंच्या ऑक्साइडांचा पांढरा लेप दिलेला असतो आणि तिच्या पोटात हीटरची तार असते. हीटरने ही नळी सुमारे ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली म्हणजे लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. भोवतीच्या जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, येणारा ध्वनीचा सूक्ष्म विद्युत्‌-दाब त्या प्रवाहाचे नियमन करतो. आणि सर्वांत बाहेरची प्लेट, जिच्यावर शंभर-दोनशे व्होल्टचा धन दाब असतो, ती तो प्रवाह ओढून घेते. आतील हवेचा दाब बाहेरच्या वातावरणाच्या सुमारे एक अब्जांश इतका क्षीण राखावा लागतो. तेवढे शून्य टिकावे म्हणून काचेच्या माथ्यावर किंवा कुशीला बेरियमचा चकाकणारा रुपेरी थर उडविलेला असतो, तोच गेटर. हा थर रुपेरी असेपर्यंत पोकळी शाबूत आहे. तो दुधासारखा पांढरा पडला की काचेला तडा जाऊन हवा आत शिरली आहे, आणि तो व्हॉल्व्ह उपकरणात घालता कामा नये. येथे कोणत्याही मापनयंत्राची गरज नाही. खरेदीच्या वेळी काच उजेडात धरून पाहिली तरी पुष्कळ फसवणूक टळते.

आता एका अशा वस्तुस्थितीकडे वळावयाचे आहे की, जिचा विचार केला असता ह्या साऱ्या छंदाकडे पाहण्याची दृष्टीच पालटते. हेडफोन-अ‍ॅम्प्लिफायरात आज प्रचारात असलेल्या व्हॉल्व्हपैकी बहुतेकांचा जन्म हेडफोनसाठी झालेलाच नाही. ईसीसी ८८ आणि त्याचे दीर्घायुषी भावंड ई८८सीसी, ज्यास अमेरिकेत ६९२२ म्हणतात, हे दूरचित्रवाणीच्या ट्यूनरात अतिउच्च कंप्रतेचे दुर्बल संदेश उचलून घेण्यासाठी योजलेले होते. ६एके५, म्हणजेच ईएफ ९५, हा दुसऱ्या महायुद्धातील रडार यंत्रांत वाढला. आणि त्याच्या धर्तीवरील चिनी ६जे१ आज सर्वांत स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरांत बसलेला दिसतो. ६एसएन७ ह्या जाड, आठ पिनांच्या व्हॉल्व्हने रडारमध्ये काम केले, आणि सुमारे १८,००० व्हॉल्व्ह असलेल्या एनिअ‍ॅक या आद्य संगणकातही त्याची भरती झाली होती. ६एएस७जी आणि त्याचा ६०८० हा प्रकार तर वीजपुरवठ्याचा दाब स्थिर राखण्याच्या नोकरीसाठी नेमलेला होता. त्याचा वर्धनांक अवघा २ आहे, म्हणजे आवाज वाढविण्याच्या कामी तो जवळजवळ निरुपयोगी. परंतु तो मुबलक प्रवाह सहज देऊ शकतो, आणि ३०० ओहमच्या हेडफोनला आउटपुट ट्रान्सफॉर्मरवाचून थेट चालविण्यास नेमका हाच गुण हवा असतो. ज्या अभियंत्याने दाब-नियंत्रणाचा हा कामगार प्रथम श्रोत्याच्या सेवेस लावला त्याच्या कल्पकतेचे मला मनःपूर्वक कौतुक वाटते. मात्र ह्या हकिकतीतून असे निष्पन्न होते की, व्हॉल्व्हच्या अंगी उपजत ‘संगीतमयता’ असते, हे जाहिरातीतील विधान इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. जो गोडवा येतो तो व्हॉल्व्ह, त्याभोवतालचे मंडल आणि हेडफोन या तिघांच्या मेळातून येतो. ट्रान्सफॉर्मररहित अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध शंभर ओहमच्या आसपास असू शकतो. त्यास ३०० ओहमचा सेनहायझर एचडी ६०० जोडला तर आवाज डौलदार लागतो, आणि ३२ ओहमचा साधा हेडफोन जोडला तर तोच आवाज ढिला व क्षीण होतो. अशा वेळी सॉकेटात जगातील सर्वांत महागडा व्हॉल्व्ह घातला तरी तो दोष दूर होणार नाही.

व्हॉल्व्हच्या नावात त्याची कुळकथा दडलेली असते आणि ती वाचता येणे हे अदलाबदलीचे पहिले साधन होय. युरोपीय पद्धतीत आरंभीचा ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, ‘सी’ म्हणजे ट्रायोड, ‘सीसी’ म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड, आणि आकड्यांतील पहिला ८ म्हणजे नऊ पिनांचे लहान आसन. अमेरिकी पद्धतीत पहिला आकडा हीटरचा स्थूल दाब सांगतो. म्हणून ईसीसी ८२ आणि १२एयू७ ही एकाच व्हॉल्व्हची दोन नावे होत. रशियन ६एन२३पी मधील ६ हाही हीटरचा दाबच, ‘एन’ म्हणजे जोड-ट्रायोड, आणि शेवटी ‘ईव्ही’ ही अक्षरे असल्यास तो दीर्घायुषी व दणकट जातीचा समजावा. हा सारा तपशील परिशिष्टात कोष्टकरूपाने दिला आहे.

येथे मात्र एका धोक्याचा निर्देश विस्ताराने केल्यावाचून मला राहवत नाही. आसन सारखे आहे, पिना नऊच्या नऊ बसतात, एवढ्यावरून दोन व्हॉल्व्ह परस्परांच्या जागी चालतात असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे आहे. ईसीसी ८२ आणि ईसीसी ८८ यांचे उदाहरण घ्या. दोहोंच्या प्लेटा, ग्रिड आणि कॅथोड त्याच त्याच पिनांवर आहेत. फरक आहे तो चौथ्या, पाचव्या आणि नवव्या पिनेत. ईसीसी ८२ चा हीटर मध्यभागी विभागलेला असून तो मध्यबिंदू नवव्या पिनेवर आणलेला आहे, त्यामुळे तो १२.६ व्होल्टवर किंवा ६.३ व्होल्टवर, दोन्ही प्रकारे जोडता येतो. ईसीसी ८८ चा हीटर मात्र केवळ चौथ्या व पाचव्या पिनेमध्ये, ६.३ व्होल्टचाच असतो, आणि नववी पिन आतल्या पडद्याकडे जाते. आता ज्या सॉकेटात ईसीसी ८२ साठी चौथ्या-पाचव्या पिनेवर १२.६ व्होल्ट दिले आहेत, त्यात ईसीसी ८८ घातला तर त्याच्या हीटरवर दुप्पट दाब येऊन तो काही क्षणांत निकामी होईल. आणि ज्या सॉकेटात चौथी व पाचवी पिन एकत्र जोडली आहे, त्यात तो मुळी पेटणारच नाही. शिवाय ईसीसी ८८ च्या प्लेटला १३० व्होल्टच्या वर दाब सोसत नाही, ईसीसी ८२ ला ३०० सोसतो. दुसरे उदाहरण रशियन ६एन१पी चे. पिनांची वाटणी ६९२२ शी जुळते, तो पेटतोही, आवाजही येतो, म्हणून खरेदीदार निर्धास्त होतो. परंतु त्याचा हीटर ०.३ ऐवजी ०.६ अँपिअर ओढतो, आणि ज्या ट्रान्सफॉर्मरवर ह्या जादा भाराची तरतूद नाही तो निमूटपणे तापत राहून काही महिन्यांनी दगा देतो. हीटरचा दाब, हीटरचा प्रवाह, पिनांची वाटणी, प्लेटवरील कमाल दाब आणि वर्धनांक, ह्या पाच बाबींची पडताळणी झाल्यावाचून कोणताही नवा प्रकार सॉकेटात घालू नये, असा माझा आग्रह आहे, आणि ह्या बाबतीत मी कोणतीही सवलत देऊ इच्छीत नाही.

आपल्याकडील वीजपुरवठ्याचा प्रश्न ह्यातच मोडतो, आणि परदेशी लेखकांच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख सहसा आढळत नाही. आपला नेमस्त दाब २३० व्होल्ट. बाहेरून आलेल्या पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरांचे ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टसाठी गुंडाळलेले असतात. घरातील दाब २५० पर्यंत चढला, आणि भार कमी असलेल्या वेळी तो चढू शकतो, तर अशा ट्रान्सफॉर्मरमधून ६.३ ऐवजी ७.१ व्होल्टच्या वर दाब हीटरला मिळू लागतो. म्हणजे जवळजवळ १४ टक्क्यांची वाढ, आणि व्हॉल्व्हच्या जाणकारांनी सर्वसाधारणपणे मान्य केलेली मर्यादा १० टक्क्यांची आहे. आवाजात तत्काळ काही फरक जाणवत नाही, किंबहुना तो किंचित उजळ वाटतो. पण कॅथोडवरील लेप अकाली झिजू लागलेला असतो. म्हणून निरनिराळ्या जुन्या व्हॉल्व्हांवर पैसे खर्च करण्यापूर्वी एक साधा मीटर आणि एक चांगला स्टॅबिलायझर घ्यावा, असा सल्ला मी प्रत्येकास देतो. मराठवाड्याचा उन्हाळा हेही एक प्रकरणच आहे. बाहेर ४२ अंश तापमान असताना व्हॉल्व्हला स्वतःला त्याची फारशी क्षिती नसते. ६०८० ची काच एरवीही हात भाजेल इतकी तापते. तापमानाने खरे नुकसान होते ते शेजारच्या इलेक्ट्रोलिटिक संधारकांचे, कारण दर १० अंशांच्या वाढीमागे त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते. अ‍ॅम्प्लिफायर कपाटाच्या बंद खणात ठेवू नये. चारी बाजूंनी व वर हवा खेळती ठेवावी. आणि वळवाच्या पावसाची चिन्हे दिसताच प्लग भिंतीतून काढून ठेवावा.

प्रत्यक्ष बदलण्याची कृती पुढे सचित्र दिली आहे, तरी तिचे मर्म येथे सांगून ठेवतो. हेडफोन आधी काढावा, मग बटण बंद करावे, मग प्लग काढावा, आणि काच पूर्ण निवेपर्यंत उपकरणास हात लावू नये. एवढ्या अवधीत संधारकांतील साठलेला दाबही बहुतांशी उतरतो, परंतु तो उतरलाच असे गृहीत धरून सॉकेटच्या छिद्रांत किंवा उपकरणाच्या पोटात कोणतीही धातूची वस्तू घालण्याचे धाडस कोणी करू नये. मोठा आठ पिनांचा व्हॉल्व्ह त्याच्या काळ्या बुडास धरून काढावा, काचेस धरून नव्हे, कारण जुन्या व्हॉल्व्हांत काच व बूड यांचा सांधा सैल झालेला असतो. नऊ पिनांचा लहान व्हॉल्व्ह वर ओढताना अगदी हलकेच मागेपुढे झुलवावा. पिळू नये, कारण पिना काचेतूनच बाहेर आलेल्या असतात आणि पिळल्याने त्यांच्या मुळाशी काच तडकते. वाकलेली पिन बसविण्यापूर्वी सरळ करावी. पिनांवरचा काळसरपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, मात्र तो फडका काचेवरील छापील अक्षरांना लागू देऊ नये; ती अक्षरे पुसली म्हणजे व्हॉल्व्हची ओळख आणि किंमत दोन्ही जातात. नवा व्हॉल्व्ह बसविल्यावर उपकरण एखादे मिनिट तापू द्यावे आणि हेडफोन त्यानंतरच जोडावा, कारण ट्रान्सफॉर्मररहित रचनेत आरंभी जो धक्का बाहेर पडतो तो हेडफोनच्या पडद्याने सोसावा असा नसतो. प्लेट लालबुंद होताना दिसली तर विचार करीत न बसता तत्काळ वीज तोडावी. काचेच्या आतल्या अंगास दिसणारी निळसर झाक मात्र निरुपद्रवी असते. अग्रांच्या मधोमध जांभळट-गुलाबी प्रकाश दिसला तरच वायू शिरल्याचा संशय घ्यावा.

कानाच्या साक्षीबद्दल माझे मत मी लपवून ठेवीत नाही. व्हॉल्व्ह बदलल्याने आवाज बदलतो, हे खरे आहे. प्रत्येक बदलाने तो बदलतो, हे खरे नाही. ज्या टप्प्यात दाब वाढविला जातो आणि ऋण पुनर्भरण नाही, तेथे दोन कारखान्यांच्या ६एसएन७ मधील फरक सावधपणे ऐकणाऱ्यास जाणवू शकतो. ज्या टप्प्यात व्हॉल्व्ह केवळ प्रवाह पुरवितो तेथे तो फारच अल्प असतो. काही स्वस्त उपकरणांत तर व्हॉल्व्हखाली नारिंगी दिवा बसवून उजेडाचा देखावा केलेला असतो, प्लेटवर जेमतेम २०-३० व्होल्ट असतात आणि हेडफोनला चालविण्याचे खरे काम एक लहान चिप करीत असते. अशा ठिकाणी महागडा व्हॉल्व्ह घालणे हा पैशाचा अपव्यय होय. तुलना करावयाची तर दोन्ही वेळचा आवाज समपातळीवर आणावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. कुमार गंधर्वांची किंवा मोगूबाई कुर्डीकरांची एखादी जुनी ध्वनिमुद्रिका, जी आपल्या पूर्ण परिचयाची आहे, तीच पुनःपुन्हा लावावी. तानपुऱ्याच्या जव्हारीचा लागता-विरता नाद जितका उघडपणे व्हॉल्व्हचे दोष दाखवितो तितका पाश्चात्त्य वाद्यवृंदही दाखवीत नाही, असे मला आढळले आहे. पन्नास किंवा शंभर हर्ट्‌झची गुणगुण असेल तर ती जव्हारीच्या खाली स्पष्ट ऐकू येते. आणि व्हॉल्व्ह कंपसंवेदी असेल तर पेन्सिलीच्या रबरी टोकाने हलकेच टोकरताच हेडफोनमध्ये घंटेसारखा ठणका उमटतो.

व्हॉल्व्हच्या वयाचा हिशेब ठेवण्याची सवय मला जुन्या कारागिरांच्या वहीवरून लागली. दीर्घायुषी जातीच्या ई८८सीसी सारख्या व्हॉल्व्हचे आयुष्य १०,००० तासांचे धरतात. रोज तीन तास ऐकणाऱ्यास तो नऊ वर्षांच्या वर पुरतो. सामान्य जातीचा त्याच्या निम्म्यात थकू शकतो. जोडी बसवावयाची असेल तर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह एकाच वेळी बदलावे व एकत्रच निवृत्त करावे, नाहीतर डाव्या-उजव्या कानांत असमतोल निर्माण होतो. प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एक चिठ्ठी करावी; तीत प्रकार, काचेवर कोरलेला कारखान्याचा संकेत, बसविल्याची तारीख, टेस्टरवरील मापे आणि कोणत्या उपकरणात चालला हे लिहून ती त्याच्याच खोक्यात ठेवावी. छापील नावापेक्षा कोरलेल्या संकेतावर अधिक भिस्त ठेवावी, कारण एका कारखान्याचा माल दुसऱ्याच्या नावाने विकण्याचा रिवाज त्या काळी राजरोस होता, आणि आज तीच संधी साधून खोट्या छापाचे व्हॉल्व्ह विकले जातात. फिलिप्स समूहाच्या मालावर काचेच्या तळाशी बारीक अक्षरांच्या दोन ओळी असतात. दुसऱ्या ओळीच्या आरंभी ‘बी’ असेल तर तो ब्लॅकबर्नच्या मलार्ड कारखान्यातला, असे निश्चयाने सांगता येते. हे अक्षर रंगाने छापलेले नसल्यामुळे पुसले जात नाही.

जुना साठा मर्यादित आहे. नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकियातील चाद्त्सा आणि चीन येथे तयार होतात. २०२२ साली रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा काही काळ जगभरच्या बाजारात तुटवडा पडला आणि किमती चढल्या, यावरून ह्या पुरवठ्याचा पाया किती अरुंद आहे हे दिसून येते. म्हणून ज्यास आपल्या उपकरणासाठी दोन चांगल्या जोड्या मिळाल्या आहेत, त्याने तिसरी, चौथी, पाचवी घेऊन खणात साठवू नये, असे मला मनापासून वाटते. त्या एखाद्या नव्या श्रोत्याच्या कामी येऊ द्याव्या. घरातील रेडिओ भंगारात देण्यापूर्वी त्यातील व्हॉल्व्ह काढून त्यांची तपासणी करवून घ्यावी. रेडिओतील ईसीएच ८१ किंवा ईबीएफ ८९ हेडफोनच्या कामाचे नसतात, परंतु जुने संच पुन्हा बोलते करणाऱ्यांना ते हवे असतात. आणि जुन्या लाउडस्पीकर-अ‍ॅम्प्लिफायरांतून निघणारे ईसीसी ८२ व ईसीसी ८३ तर थेट आपल्याच उपयोगाचे. दुकान बंद करणाऱ्या कारागिरांच्या वारसांनी असे खोके किलोच्या भावाने भंगारात घातल्याच्या गोष्टी ह्या शहरात घडलेल्या आहेत. ज्यांच्या घरी असा साठा असेल त्यांनी तो मापून, चिठ्ठ्या लावून, रास्त किमतीस विकावा.

ह्या पुस्तिकेत प्रक्षेपणाचे मोठे व्हॉल्व्ह, ३००बी सारखे थेट-तापणारे ट्रायोड आणि अ‍ॅम्प्लिफायर नव्याने बांधण्याची कृती यांचा समावेश केलेला नाही. पहिली तीन प्रकरणे वाचल्यावाचून चौथ्यातील अदलाबदलीच्या कोष्टकाकडे वळू नये, आणि कोष्टकात ज्या जोड्यांपुढे ‘फक्त मंडल पाहून’ असा शेरा आहे त्या जाणत्या माणसास दाखविल्यावाचून वापरू नयेत. ज्या कारागिरांनी आपल्या वह्या मला मोकळेपणाने पाहू दिल्या, आणि ज्यांच्यापैकी काहींच्या अक्षरातील उर्दू नोंदी लावून घेण्यास शेजाऱ्यांचे साहाय्य घ्यावे लागले, त्यांचा मी ऋणी आहे; परिशिष्टातील मापांपैकी पुष्कळशी त्यांच्याच वह्यांतून घेतलेली आहेत.

छत्रपती संभाजीनगर
अक्षय्य तृतीया